बादलीतलं विरजण

“मगदूम? म्हंजे जैनाच्या की ओ तुमी. मग हिकडं कुठं वाट चुकलासा?”

हिंदूराव कोथमिऱ्यांच्या हातातला सुरा तसाच राहिला. दुकानापुढची गिऱ्हाइकं वळून माझ्याकडं बघायला लागली. कोल्हापुरात भर सकाळी मटणाच्या दुकानापुढं जैनाची पोरगी पिशवी घेऊन उभी, म्हणजे बघण्यासारखीच गोष्ट होती.

मी म्हटलं, मटण न्यायला नाही आले, मटणावरून नुसता कापूस फिरवून न्यायचाय. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून आलेय.

मागून कुणीतरी म्हणालं, “हिंदूराव, बोकडाला ताप आलाय. बाई तपासाय आल्यात.”

सगळे हसले, हिंदूरावही हसले. मग त्यांनी सुरा ठेवला, हात धुतले आणि टांगलेल्या बोकडावरचं ओलं पांढरं फडकं अगदी मानानं बाजूला केलं. “फिरवा कापूस. आख्ख्या गल्लीत ह्याच्याएवढं स्वच्छ मटण घावलं तर दुकान बंद करतो.”

त्यांचं खोटं नव्हतं. तोवर मी शहरातली बरीच दुकानं पालथी घातली होती. कुठं माशा, कुठं लाकडाच्या ओंडक्यावर आदल्या दिवसाचं रक्त. इथं भिंतीला पांढऱ्या फरश्या, जमीन धुतलेली, माशी औषधालाही नाही. मी काडीवरचा कापूस मांडीवरून फिरवून नळीत घातला. हिंदूरावांनी फडकं पायाशी ठेवलेल्या बादलीत बुडवलं, पिळलं आणि पुन्हा मटणावर पसरलं.

“बाकीच्यांच्या मटणाला दुपारी वास मारतोय,” ते म्हणाले. “माझं दिवेलागणीलाबी ताजं. हात लावून बघा. न्हाई, तुमी कशाला लावताय.”

दुकानाच्या मागंच घर होतं. दारात त्यांची मुलगी उभी होती. मालन. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, पोट चांगलं पुढं आलेलं, कमरेवर हात. तिनं मला हाक मारली, सावलीत पाट टाकला. पाणी द्यायला वळली आणि मध्येच थांबली. आत जाऊन खडीसाखरेची पुडी घेऊन आली.

“ही वाण्याकडची हाय ताई, आमच्यात उघडलेली न्हाई. तुमच्याम्होरंच फोडते,” असं म्हणून तिनं दातानं दोरा तोडला. माझ्याच वयाची असेल. मी खडा तोंडात टाकला तेव्हा तिला इतका आनंद झाला, की मला उगीच संकोच वाटला.

त्या काळी मी नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. बेनाडीकर. कच्च्या मटणावर कोणते जंतू असतात आणि ते कोणत्या औषधानं मरतात, याचा त्यांना ध्यास लागला होता. शिजवलं की सगळे मरतात, पण कच्चं मटण कापलेल्या हातानं बाई काकडी चिरते, त्याचं काय, असं ते विचारायचे. दुकानं हिंडायचं काम माझ्याकडं आलं, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

आणि गंमत अशी, की ज्या काचेच्या बशांमध्ये आम्ही हे जंतू वाढवायचो, त्यातल्या खाद्याला मटणाचा अर्क लागायचा. तो मीच उकळायची. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे. “कोल्हापुरात राहून रस्सा न चाखता रस्सा करणारी तूच पहिली, मगदूम.”

घरी मी आणि आई दोघीच. आईला आम्ही आव्वा म्हणायचो. वडील गेल्यावर गावाकडचं घर बंद करून ती माझ्यासोबत राहायला आली होती. माझ्या कामाला तिनं कधी नको म्हटलं नाही. फक्त एवढंच केलं, की माझं ताट-तांब्या स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या सोप्यातल्या कोनाड्यात ठेवला. मी आंघोळ करून तिथंच बसून जेवायची. ती वरून वाढायची, ताटाला पळी लागू न देता. आमच्यात त्यावरून बोलणं असं कधी झालं नाही. एकदा मात्र तिनं विचारलं होतं, “त्या बशीत तुमी जीव वाढवता, आणि वाढले की औषध घालून मारता. मग वाढवता कशाला गं?”

आता या गोष्टी फार सोप्या झाल्यात म्हणे. औषधाच्या कागदी टिकल्या तयार मिळतात. आम्ही त्या कचेरीतल्या भोकं पाडायच्या यंत्रानं गाळणकागदातून पाडायचो, भाजून घ्यायचो आणि एकेका औषधात बुडवायचो. बशीत जंतू पसरायचे, वर टिकल्या ठेवायच्या, उबदार पेटीत बशी ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी बशीवर जंतूंची साय धरलेली असायची आणि ज्या औषधानं ते मरत असतील त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल मोकळा राहायचा. बशी उजेडात धरली की चंद्राला खळं पडावं तसं दिसायचं. रोज सकाळी मी पेटी उघडायला धावायची. परीक्षेचा निकाल बघायला धावावं तशी.

हिंदूरावांची बशी काढली आणि मला वाटलं, मी टिकल्याच चुकवल्या.

गल्लीतल्या सगळ्यात घाणेरड्या दुकानातले जंतू टेट्रासायक्लिनच्या टिकलीपासून लांब पळाले होते. क्लोरॅम्फेनिकॉलच्या टिकलीपासूनही. आणि ह्या पांढऱ्या फरश्यांच्या दुकानातले जंतू दोन्ही टिकल्यांना अगदी खेटून वाढले होते. खळं नाहीच.

बेनाडीकरांनी बशी खिडकीशी नेली. मग चहा मागवला. ते चहा दोनच वेळा मागवायचे, फार चांगली बातमी असली तर किंवा कुणी गेलं असलं तर.

“नवीन काड्या घेऊन जा,” ते म्हणाले, “आणि ह्या वेळी हेही लाव.” औषध कंपनीचा माणूस नमुना म्हणून एक कुपी ठेवून गेला होता. अँपिसिलिन. आमच्याकडं तेव्हा नवीनच होतं.

मी पुन्हा गेले, पुन्हा कापूस फिरवला. निकाल तोच. दोन जुन्या औषधांना जंतूंनी भीक घातली नाही. पण अँपिसिलिनच्या टिकलीभोवती एवढं मोठं खळं पडलं होतं, की मी तिथल्या तिथं टाळी वाजवली. डॉक्टर म्हणाले, नाचू नकोस, हे शिकले कुठं ते शोध. जंतू औषधाला असे सरावतात ते रोज औषध मिळालं तरच. बोकडाला कोण रोज औषध देतंय?

ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर दात घासत होते. आव्वा पाणी भरत होती. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय घेत नाहीत. कळशीच्या तोंडावर दुहेरी फडकं, त्यातून पाणी. गाळून झालं, की ती ते फडकं उलटं करायची, त्यावर गाळलेलं पाणी हलकेच ओतायची आणि ते धुवण छोट्या बादलीतून परत विहिरीत सोडायची. वरून ओतायचं नाही, बादली खालपर्यंत नेऊन अलगद कलती करायची. फडक्यात जे जीव अडकले ते ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात त्यांना परत सोडायचे. ही आमची जिवाणी. लहानपणापासून रोज बघत आलेले.

आणि त्या सकाळी माझा हात तोंडातच थांबला.

फडकं. मी मटण तपासत होते. मटण तर रोज नवं येतं आणि संध्याकाळपर्यंत संपतं. रोज तेच राहतं ते फडकं. मटणावर जे काही आहे ते फडक्यात अडकतं, आणि फडकं परत त्याच बादलीत जातं.

मी चूळ न भरताच आत पळाले. आव्वा मागून म्हणाली, “अगं काय झालं? विंचू बिंचू बघितलास?”

दुकानात पोचले तेव्हा हिंदूराव नुकते दार उघडत होते. मी म्हटलं, आज मटण नको, फडक्यावरून कापूस फिरवते आणि बादलीतलं थोडं पाणी द्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला.

“फडक्याचं काय काम? फडक्याएवढं निर्मळ काय न्हाई माझ्या दुकानात.” पुढं काहीतरी ओठावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पण नको म्हटलं नाही. बादलीतलं पाणी किंचित पिवळसर होतं. मी बाटली भरून घेतली. मालन दारात दिसली नाही. विचारलं तर म्हणाले, “पडलीय. अंग कसकसतंय म्हणती. दिवस भरत आल्यावर व्हायचंच.”

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, बघू.

त्यातले जंतू वेगळे काढून वाढवण्यात चार-पाच दिवस गेले. फडक्यातल्या आणि बादलीतल्या जंतूंनी बशी अशी भरली, की टिकली कुठं ठेवलीय ते शोधावं लागलं. सगळं तेच. दोन औषधं फुकट, तिसऱ्याला खळं. बेनाडीकरांनी काचपट्टीवर जंतूंचा ठिपका घेऊन त्यावर जंतूची जात ओळखायच्या सीरमचा थेंब टाकला. दुधासारखा ठिपका बघता बघता फाटला, नासलेल्या दुधाचे असावेत तसे बारीक दाणे झाले. साल्मोनेला. पोटात गेले तर जुलाब, आणि रक्तात गेले तर जीवघेणा ताप. डॉक्टर म्हणाले, आज त्या हिंदूरावांना जाऊन गाठायचं, मीही येतो.

गाठायला जावं लागलंच नाही. मी जिना उतरत होते आणि हिंदूराव बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलेले दिसले. पायात वहाणा नव्हत्या, डोक्यावर टोपी नव्हती. मी हाक मारली तर ओळखायलाच वेळ लागला.

मालनला आणून दोन-चार दिवस झाले होते. ताप हटत नव्हता. डॉ. इनामदार, वॉर्डाचे मोठे डॉक्टर, अशा तापाला तेव्हा सगळेच देत ते औषध देत होते, क्लोरॅम्फेनिकॉल. ते लागू पडत नव्हतं. आता बाळाचे ठोकेही नीट ऐकू येईनात म्हणून नर्स सारखी आतबाहेर करत होती.

मी नर्सकडून मालनचा नंबर घेतला आणि आल्या पावली वर पळाले. वॉर्डातून आलेलं रक्त खाद्याच्या रसात घालून त्या बाटल्या आमच्याच उबदार पेटीत ठेवलेल्या असायच्या. त्यावर नाव नसायचं, नंबर असायचा. मालनच्या नंबरची बाटली काढली. सकाळपर्यंत निवळ असलेला रस गढूळ झाला होता. मी ठिपका घेतला, सीरमचा थेंब टाकला, काचपट्टी हलवली.

दाणे जमले.

“डॉक्टर,” मी ओरडलेच, “फडक्यातला जंतू मालनच्या रक्तात आहे.”

बेनाडीकर धावत आले, पण बघून म्हणाले, “थांब. सीरम जुळलं म्हणजे घराणं एक निघालं. माणूस तोच कशावरून? रीतसर बशी लाव, टिकल्या ठेव, उद्या कळेल.”

“उद्यापर्यंत थांबायला तिच्याकडं वेळ आहे का?”

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाले, “बशी लाव. आणि लावून झाली की खाली जा. त्या बादलीत काय आहे ते बापाकडून काढ. तोच जंतू असेल तर तो शिकला कुठं, ते त्यालाच ठाऊक असणार.”

मी बशी लावली आणि खाली येऊन हिंदूरावांच्या शेजारी बाकावर बसले. अगदी खेटून. ते दचकून सरकले.

“हिंदूरावदादा, बादलीत काय घालता?”

“पाणी.”

“पिवळं पाणी?”

मी म्हटलं, मी कुणाला सांगायला आले नाही, दुकान बंद करायला आले नाही. मालनला औषध का लागू पडत नाही ते तुमच्या बादलीत आहे. मग ते बोलले.

“औषधच घालतोय की ओ. घाण न्हाई घातली कधी. जनावराच्या दवाखान्यातला एकजण हाय वळखीचा, त्यानं सांगितलं, कॅप्सूल फोडून पाण्यात टाक, मटणाला वास येणार न्हाई. आला न्हाई. जुन्या असत्यात, तोच देतोय.”

“कसल्या कॅप्सूल?”

“दोन जातीच्या. एक पिवळी, एक पांढरी.” ते थांबले. “पांढरी तसलीच, आत नर्सबाई मालनला देत्यात तसली.”

“आणि पाणी रोज बदलता?”

“सगळं न्हाई. औषधाचं पाणी फेकून कसं द्यायचं? निम्मं ठेवतो, वर नवं घालतो.”

“विरजण ठेवतात तसं.”

“व्हय,” ते म्हणाले, “विरजणासारखंच.”

ते शब्द त्यांच्या तोंडून निघाले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. विरजण काय करतं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोज निम्मं ठेवायचं आणि त्यातून पुढचं लावायचं. औषधानं जे मेले ते मेले. जे तगले, तेच रोज पुढच्या बादलीला लागले. किती वर्षं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“फडकी कोण धुतं?” मी विचारलं.

त्यांनी वॉर्डाच्या दाराकडं बघितलं. “आल्यापासनं तीच. बस म्हटलं तर ऐकत न्हाई. म्हणती, दादा, तुमचं फडकं मीच पांढरं ठेवणार.” मग अगदी हळू म्हणाले, “मीच लावलं व्हय हे तिला?”

मी उठले, वर पळाले आणि बेनाडीकरांना घेऊन इनामदारांकडं आले.

इनामदार माझ्यावर नाही, बेनाडीकरांवर भडकले. म्हणाले, एका मटणवाल्याच्या बादलीवरून मी गरोदर बाईचं औषध बदलू? बेनाडीकर त्यांच्यापेक्षा बुटके होते. ते टाचा उंचावून म्हणाले, “बादलीवरून नका बदलू. माझ्या शब्दावरून बदला. उद्या सकाळी बशी खोटी निघाली तर तुमचं औषध परत सुरू करा, आणि मला चार माणसांत मूर्ख म्हणा. खरी निघाली तर पोरीचा एक दिवस वाचला.”

इनामदारांनी माझ्याकडं बघितलं. “तुमची खात्री आहे?”

“त्या जंतूला मी रोज बघतेय,” मी म्हटलं. “त्याची खोड मला पाठ झालीय.”

त्यांनी पेन काढलं. दवाखान्यात अँपिसिलिनची इंजेक्शनं थोडीच होती. बाकीची आणायला हिंदूराव तसेच अनवाणी बाजाराकडं धावले. उन्हानं तापलेल्या डांबरावरून जाणारी ती धिप्पाड पाठमोरी आकृती मला अजून दिसते.

सकाळी प्रयोगशाळा उघडायच्या आधी मी दारात होते. बेनाडीकर माझ्याही आधी आलेले. किल्ली त्यांच्याकडं होती, पण उघडून आत गेले नव्हते. म्हणाले, “तू काढ.”

मी पेटी उघडली, बशी काढली, खिडकीशी नेली. दोन टिकल्या सायीत बुडालेल्या. तिसरीभोवती खळं. मोठं, गोल, निवळ. मागचा रस्ता दिसत होता त्यातून.

डॉक्टरांनी दाराबाहेर डोकं काढून चहा सांगितला. मग मी बशी हातात घेऊनच जिना उतरले. तसं करायचं नसतं, पण ते मागून काही म्हणाले नाहीत. वॉर्डात मालन डोळे मिटून पडली होती. ताप होता, पण कालच्यापेक्षा उतरणीला. कपाळावर घाम आला होता. मी जवळ गेले तर तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक सणसणीत लाथ बसली.

“पहाटेपासनं चाललंय,” ती म्हणाली.

पुढं दोन दिवसांत ताप गेला. हिंदूरावांनी फडकी घरामागच्या परड्यात जाळली, बादली फोडली आणि सुताराला बोलावून दुकानात जाळीचं कपाट करायला टाकलं. हे त्यांनीच येऊन बेनाडीकरांना सांगितलं आणि जाताना म्हणाले, “आता या कापूस घेऊन. रोज या.” मालन भूक लागली म्हणून नर्सच्या मागं लागली होती. तिला तांबडा रस्सा हवा होता. इनामदारांनी हसून नाही म्हटलं, पेज द्या म्हणाले. दवाखान्याची पेज म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. तिनं तोंड फिरवलं.

हे सगळं मी घरी बोलले. त्या दिवसांत रोजच बोलत होते. आव्वा वाढता वाढता ऐकायची. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत तिचं जेवण झालं आणि ती पुन्हा चुलीपुढं बसली. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून घट्ट पेज केली, वर तूप घातलं. आणि फळीवरून तिचा लग्नातला पितळी डबा काढला, झाकणावर नाव घातलेला.

मी म्हटलं, “आव्वा, मालन कोथमिऱ्यांची आहे. हा डबा?”

“ठावं हाय मला.” तिनं झाकण दाबून बसवलं. “परत आण मातूर. उकळत्या पाण्यातनं काढला की झालं. तूच म्हणतीस न्हवं?”

दुसऱ्या दिवशी मी डबा परत आणला. मालननं रिकामा दिला नव्हता. घासून लख्ख केलेला, आत वाण्याच्या कागदात बांधलेली खडीसाखर, दोरासुद्धा न सोडलेला.

आव्वानं चुलीवर मोठं पातेलं चढवलं, पाणी ओतलं आणि डबा आत सोडला. मग सोप्यात गेली, कोनाड्यातलं माझं ताट आणि तांब्या घेऊन आली आणि तेही त्याच पाण्यात घातलं. चुलीत लाकूड सारून ती पुडी घेऊन बसली. दोरा तोडला. एक खडा मला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला.

पाणी अजून नुसतं कोमट झालं होतं.